अडीच तोळ्यांचा टालर: योआखिमस्टालचे नाणे ओळखावे, तपासावे आणि सांभाळावे कसे

‘माझ्याकडे जुना टालर आहे’ असे म्हणत एखादे गृहस्थ नागपूरच्या इतवारीच्या सराफ्यात रुमालाची घडी उलगडतात, तेव्हा आतून बहुतेक वेळा १७८० सालचा, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा हिचा टालर, म्हणजे युरोपातले मोठे चांदीचे नाणे, निघतो. नाणे देखणे असते आणि चांदीही खरी असते. पण सम्राज्ञी त्याच वर्षी वारल्यानंतरही तोच सन कायम ठेवून हे नाणे व्हिएन्ना, मिलान, व्हेनिस, रोम, पॅरिस, लंडन अशा अनेक ठिकाणी पाडले जात राहिले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीतूनही बाहेर पडले. त्यामुळे ते संग्रहात जरूर असावे, परंतु त्याला दुर्मिळ म्हणू नये. ज्या नाण्यावरून ‘टालर’ हा शब्द आणि पुढे ‘डॉलर’ हा शब्द निघाला, ते नाणे याहून अडीचशे वर्षांनी जुने आहे. नागपुरात राहून ते विकत घेण्याची ज्यांची इच्छा आहे, किंवा कुणीतरी ते आपल्यापुढे विक्रीला ठेवले आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

आधी नाण्याची जन्मकथा थोडक्यात समजून घ्यावी, कारण तपासणीचे निम्मे प्रश्न तिच्यातूनच निघतात. बोहेमियाच्या डोंगराळ भागात १५१६ च्या सुमारास चांदीच्या समृद्ध शिरा सापडल्या. ती जमीन श्लिक नावाच्या काउंट घराण्याची होती. तिथे वसलेल्या गावाला संत योआखिमच्या नावावरून योआखिमस्टाल, म्हणजे योआखिमची दरी, असे नाव पडले. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात असून त्याला याखिमोव्ह म्हणतात. ऑस्ट्रियातल्या तिरोलचा शासक सिगिस्मुंड याने १४८६ मध्येच तिथल्या हॉल गावी असे मोठे चांदीचे नाणे पाडले होते, त्यामुळे श्लिकांची कल्पना अगदीच नवी नव्हती. मात्र त्यांच्याकडे चांदी इतकी होती की त्यांचे नाणे युरोपच्या बाजारात सर्वत्र पोहोचले आणि ‘योआखिमस्टालर’ हे लांबलचक नाव लोकांच्या तोंडी झिजून नुसते ‘टालर’ उरले. नाणी पाडण्याला १५२० मध्ये बोहेमियाच्या सभेने मान्यता दिली. १५२६ च्या ऑगस्टमध्ये हंगेरीतल्या मोहाचच्या लढाईत बोहेमियाचा राजा लुई मारला गेला, आणि घराण्याचा प्रमुख स्टेफान श्लिक हाही त्या लढाईतून परतला नाही. त्यानंतर दोन वर्षांतच, १५२८ मध्ये, नवा राजा फर्डिनांड याने श्लिकांचा टांकसाळीचा हक्क काढून घेतला. म्हणजे संग्राहकाला जे नाणे हवे असते, त्याचा सगळा काळ जेमतेम एका दशकाचा आहे. (याच खाणींतल्या पिचब्लेंड नावाच्या काळ्या खनिजातून १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने रेडियम शोधले. नाण्याच्या तपासणीशी याचा काही संबंध नाही, पण हे नाणे दाखवताना पाहुण्यांना सांगण्यासारखे एवढे दुसरे काही नाही.)

नाणी पाडली गेली भरपूर, पण उरली थोडी, कारण चांगल्या चांदीचे नाणे नेहमी मुशीत जाते. भारतात तर ती उरण्याची शक्यता आणखीच कमी होती. सतराव्या आणि अठराव्या शतकांत डच आणि इंग्रज कंपन्यांनी जहाजे भरभरून युरोपीय चांदी सुरतेसारख्या बंदरांत उतरवली, परंतु इथल्या बाजारात परक्या नाण्याला वजनापलीकडे किंमत नव्हती. ते टांकसाळीत जाई आणि त्याचे रुपये होऊन बाहेर पडत. म्हणूनच १५२० च्या दशकातला टालर ‘आमच्या पणजोबांच्या वाड्यात सापडला’ अशी कथा कुणी सांगू लागले, तर कथा आदराने ऐकावी आणि नाणे अधिक बारकाईने पाहावे. घराण्यात दुसऱ्या महायुद्धात परदेशी गेलेले कुणी असेल किंवा जुना लिलावाचा कागद असेल, तर गोष्ट वेगळी.

वजन

सगळ्यात पहिला प्रश्न वजनाचा. किंमत विचारण्याआधी, छायाचित्रे पाठवण्याआधी, इंटरनेटवर शोधण्याआधी नाणे काट्यावर ठेवावे, आणि तो काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा असावा. श्लिकांच्या टालरचे वजन २९ ग्रॅमच्या आसपास भरते आणि व्यास ४० मिलिमीटरच्या जवळपास असतो. आपल्याकडे याचा पडताळा घेण्याची एक सुंदर सोय आहे. राणी व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. तराजूच्या एका पारड्यात असे दोन कमी झिजलेले रुपये आणि त्याच काळातले एक आठ आण्यांचे नाणे ठेवले, तर दुसऱ्या पारड्यातला टालर जवळजवळ त्यांच्या बरोबरीला येतो. जुन्या सराफाला ‘अडीच तोळ्यांचे नाणे’ एवढे सांगितले की त्याच्या हाताला अंदाज येतो. वजन २८.०६ ग्रॅमच्या आसपास स्थिर असेल, तर ते १७५३ नंतरच्या मानाचे, म्हणजे मारिया तेरेसाच्या घराण्यातले नाणे असण्याची शक्यता मोठी. सत्तावीसच्या जवळपास असेल, तर ते स्पेनचे आठ रेआलचे किंवा डच सिंहछापाचे असू शकते. डच नाण्यावरही सिंह असतो आणि विक्रेते त्या सिंहाचा फायदा घेतात, म्हणून हे ध्यानात ठेवावे.

वजनानंतर घनता. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. उकळून थंड केलेल्या पाण्याचा काचेचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा. मग नाणे बारीक रेशमी धाग्याने बांधून पाण्यात असे सोडावे की ते पूर्ण बुडेल, पण पेल्याच्या तळाला किंवा बाजूला टेकणार नाही. अक्षरांच्या कोपऱ्यांत हवेचे बुडबुडे अडकतात; धाग्याला हलका झटका देऊन ते सोडवावे. आता काटा जो आकडा दाखवतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरडे वजन २८.८६ आणि पाण्यातला आकडा २.७९ असेल, तर भागाकार १०.३४ येतो, आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा वरच्या चांदीला हा आकडा शोभतो. त्याच वजनाच्या नाण्याचा पाण्यातला आकडा ३.३६ आला, तर भागाकार साडेआठच्या थोडा वर जातो. तसे झाले तर हातातली धातू ‘जर्मन सिल्व्हर’ समजावी. आपल्या घरांतल्या लग्नातल्या भांड्यांनी शिकवलेच आहे की त्या नावात चांदी आहे, धातूत नाही. लहान काट्यावर पाच शतांश ग्रॅमची चूकसुद्धा निकाल हलवते, म्हणून हा प्रयोग तीनदा करून मधला आकडा धरावा.

सराफ्यात नेताना

इतवारीत आता बऱ्याच ठिकाणी टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढण्याचे क्ष-किरण यंत्र असते आणि थोड्या पैशांत धातूचा छापील कागद मिळतो. हा कागद उपयोगाचा आहे, पण तो वाचता आला पाहिजे. यंत्र फक्त वरचा थर पाहते. जुन्या टांकसाळीत चकती तापवून आम्लाने उजळत असत, त्यामुळे पृष्ठभागावरचे तांबे निघून जाई आणि वरचा थर आतल्यापेक्षा अधिक चांदीचा राही. म्हणून यंत्राचा आकडा अपेक्षेपेक्षा थोडा वर आला तर घाबरण्याचे कारण नाही. घाबरावे ते आकडा नेमका ९२.५ किंवा ९९.९ आला तर, कारण ती आजची दागिन्यांची आणि विटांची चांदी झाली. सोळाव्या शतकातली चांदी विजेच्या प्रक्रियेने शुद्ध केलेली नसते. तिच्यात शिसे, बिस्मथ, कधी सोन्याचा अंश असा थोडा गाळ राहतोच. यादीत कॅडमियम हा आजच्या काळातला धातू दिसला, तर नाणे परत रुमालात गुंडाळून घरी यावे.

दुकानात शिरताच एक वाक्य स्पष्टपणे बोलावे: ‘कस लावायचा नाही, कानस लावायची नाही, नुसते यंत्रावर ठेवायचे आहे.’ सराफाचा पिढीजात हात धातू ओळखण्यासाठी कसोटीच्या दगडाकडे जातो आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या दृष्टीने ती अडीच तोळे चांदी आहे. पण कडेवर कानशीचा एकच ओरखडा उमटला, तरी संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याची किंमत तिथेच उतरते.

छाप आणि कड

धातू पटली की भिंग हातात घ्यावे. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. त्याहून मोठे घेतले तर माणूस एकाच अक्षरात हरवतो. प्रकाश वरून न पाडता बाजूने, तिरका पाडावा.

एका बाजूला संत योआखिम उभा असतो, त्याच्याजवळ श्लिक घराण्याची ढाल असते आणि दोन बाजूंना ‘एस’ आणि ‘आय’ ही अक्षरे असतात. म्हणजे ‘सांक्तुस योआखिम’. भोवतीच्या लॅटिन मजकुराचा अर्थ ‘बास्सानोचे काउंट स्टेफान आणि त्याचे भाऊ, श्लिक घराण्याचे चिन्ह’ असा आहे, मात्र तो इतका आखडलेला असतो की प्रत्येक शब्दाची दोन-तीनच अक्षरे दिसतात. दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा मुकुटधारी सिंह असतो. या सिंहाला दोन शेपट्या असतात. ही गंमत नसून राजचिन्ह आहे, आणि एका शेपटीचा सिंह दिसला तर नाणे योआखिमस्टालचे नाही एवढे तिथल्या तिथे ठरते. त्याच्याभोवती ‘लुडोविकस प्रिम. डी. ग्रासिया रेक्स बो.’ असा मजकूर असतो. यातला ‘प्रिम’, म्हणजे ‘पहिला’, हा शब्द मुद्दाम शोधावा. हा राजा हंगेरीच्या गादीवर दुसरा लुई आणि बोहेमियाच्या गादीवर पहिला लुई होता. मजकुरात ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो, आणि ‘एन’ अनेकदा उलटा दिसतो. ती ठसा कोरणाऱ्याची रीत किंवा घाई आहे, बनावटीची खूण नव्हे. काही नाण्यांवर सन असतो, पुष्कळांवर नसतो. सन नाही म्हणून नाणे टाकून देऊ नये, आणि १५२० हा सन दिसला म्हणून लगेच हुरळूनही जाऊ नये, कारण बनावट करणाऱ्यालाही तोच सन आवडतो.

कड पाहण्यात लोक सर्वांत कमी वेळ घालवतात आणि माझ्या मते तिथेच सर्वांत जास्त घालवावा. हे नाणे हातोड्याने पाडलेले आहे. त्यामुळे ते पूर्ण गोल नसते, त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, आणि कड साधी असते. कडेवर दाते किंवा अक्षरे असतील तर ते या काळाचे नाही. ठशाचा घाव सगळीकडे सारखा बसलेला नसतो. संताच्या चेहऱ्याच्या नेमक्या मागच्या जागी सिंहाचे अंग थोडे पुसट असणे स्वाभाविक आहे, कारण दोन्ही बाजूंच्या खोलगट भागांना भरायला तिथे चांदी पुरत नाही. याउलट सगळे काही सारखेच मऊ, साबणाच्या वडीवर उमटवल्यासारखे दिसत असेल, अक्षरांच्या मुळाशी सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे असतील, आणि कडेवर मधोमध बारीक रेघ किंवा ती रेघ घासून काढल्याच्या खुणा असतील, तर नाणे ओतीव आहे.

ओतीव नाण्यापुढे वजन आणि घनता दोन्ही हतबल होऊ शकतात, हे मी पैसे मोजून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून छायाचित्रांवर विसंबून एक टालर मागवला. वजन २८.९, घनता बरोबर, रंगही जुना. महिनाभर तो मी रोज संध्याकाळी भिंगाखाली धरून बसत असे. मग एका जुन्या परदेशी लिलावाची छायाचित्रे चाळताना दुसऱ्याच एका टालरवर सिंहाच्या मागच्या पायाखाली तोच छोटा पोचा दिसला जो माझ्या नाण्यावर होता: तोच आकार, तीच दिशा. एकाच ठशातून दोन नाणी निघू शकतात, पण पाडून झाल्यावर वापरात पडलेला पोचा दोन नाण्यांवर सारखा येऊ शकत नाही. कुणीतरी खऱ्या नाण्याचा साचा काढून त्यात चांगली चांदी ओतली होती. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून माझा नियम असा की विकत घेण्याआधी त्याच प्रकारच्या जितक्या नाण्यांची छायाचित्रे मिळतील तितकी शेजारी ठेवायची, आणि ठशाची सारखेपणाची खूण शोधण्याऐवजी झीज, ओरखडे आणि पोचे यांचा सारखेपणा शोधायचा.

आणखी एक दोष आपल्या लोकांच्या डोळ्यांना लवकर कळतो, कारण पुतळ्यांची माळ आपण पाहिलेली आहे. हे टालर युरोपातही गळ्यात घालत, त्यांना कडी लावत, कधी मुलामा देत. पुढे कडी काढून टाकलेली असते. संताच्या डोक्यावरच्या भागात, घड्याळातल्या बाराच्या जागी, कड किंचित चपटी, जास्त चकचकीत किंवा रेताडलेली दिसते का ते पाहावे. तिथली अक्षरे इतरांपेक्षा पुन्हा कोरल्यासारखी तीक्ष्ण असतील, तर भोक बुजवलेले असण्याचीही शक्यता आहे. अक्षरांच्या खाचांत पिवळी झाक उरली असेल तर ती मुलाम्याची. असे नाणे खोटे नसते. मर्यादित पैसे असलेल्या संग्राहकाने ते घेण्यात काही कमीपणा नाही, फक्त निर्दोष नाण्याचा भाव देऊ नये.

विकत घेताना

हे नाणे बहुधा जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा चेक प्रजासत्ताकातल्या लिलावांत येते, आणि तिथल्या कॅटलॉगची भाषा फसवी आहे. ‘झेअर श्योन’ याचा शब्दशः अर्थ ‘फार सुंदर’, पण नाण्याच्या व्यवहारात त्याचा अर्थ ‘बऱ्यापैकी वापरलेले, तरी मुख्य तपशील दिसणारे’ एवढाच होतो. त्याच्या वरची पायरी ‘फोरत्स्युग्लिश’ची. ‘हेन्केलश्पूर’ म्हणजे वर सांगितलेली कडीची खूण. हा शब्द ओळीच्या शेवटी बारीक अक्षरांत असतो. बोलीवर शेकडा कमिशन चढते, त्यावर पाठवणी, विमा आणि इकडचे सीमाशुल्क. म्हणून आपली शेवटची बोली हा सगळा हिशेब मांडून आधीच कागदावर लिहून ठेवावी आणि ऐनवेळी तो कागद फाडू नये.

कायद्याची बाजू पुष्कळांना माहीत नसते. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष ठरतो, आणि खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे ‘आधी इथे मागवू, मग अमेरिकेतल्या कंपनीकडे प्रमाणित करायला पाठवू’ हा बेत करू नये. प्रमाणपत्र हवेच असेल, तर आधीच प्रमाणित होऊन प्लास्टिकच्या पेटीत बंद झालेले नाणे घ्यावे, आणि पेटीवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथले छायाचित्र हातातल्या नाण्याशी ताडून पाहावे, कारण पेट्याही बनावट निघतात. बिल, लिलावाचा क्रमांक, सीमाशुल्काची पावती हे सारे नाण्याइतकेच जपावे. आणि कुणी ‘शेत नांगरताना सापडले’ म्हणून नाणे देऊ केले, तर हात मागे घ्यावा: १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ऐवजाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

युरोपीय टालर हातात येण्यापूर्वी हातोड्याच्या छापाची डोळ्यांना सवय करायची असेल, तर अजब बंगल्यातला, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातला, नाण्यांचा विभाग निवांत पाहावा. नाणी आपल्याकडची आहेत, पण वेडीवाकडी चकती, अर्धवट बसलेला छाप आणि कडेबाहेर गेलेली अक्षरे पाहून जी नजर तयार होते, ती बोहेमियाच्या नाण्यालाही तितकीच लागू पडते.

नागपुरी हवेत सांभाळताना

नाणे धुऊ नये. टूथपेस्ट, चिंच, राख, रिठ्याचे पाणी, चांदी उजळण्याचे द्रावण, यांतले काहीही लावू नये. चारशे-पाचशे वर्षांत चढलेला करडा, कधी निळसर थर हा त्या नाण्याचा दाखला आहे, आणि तो एकदा गेला की चांदी कोरी पण केविलवाणी दिसते. अपवाद एकच: जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांमुळे हिरवट चिकट मेण नाण्यावर आले असेल, तर ते शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणे बुडवून, न घासता काढावे. खिडकी उघडी असावी आणि जवळपास ज्योत नसावी.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे मे महिन्यात नाण्याला धोका नाही असे वाटते. धोका असतो तो कूलरचा. वाळ्याच्या किंवा गवताच्या पट्ट्यांतून दिवसभर ओली हवा खोलीत येत राहते आणि कपाटाच्या आत दमट वाफ साचते. म्हणून नाण्यांचे कपाट कूलरच्या खोलीत ठेवू नये, आणि प्लायवूडच्या नव्या कपाटातही नको, कारण त्यातला गोंद चांदीला काळे करतो. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागदही याच कारणासाठी दूर ठेवावा. पॉलिएस्टरच्या कडक पाकिटात नाणे, ते घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी, एवढी व्यवस्था पुरते. पावसाळ्यात डबा शक्यतो उघडू नये. दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली की उघडावा, पुडीतल्या निळ्या दाण्यांनी गुलाबी रंग धरला असेल तर पुडी बदलावी, आणि कडेला धरून नाणे पुन्हा त्याच काट्यावर ठेवून वजन सोबतच्या चिठ्ठीवर तारखेसह लिहावे.